आखूड इम्प्लांटचा पर्यायही सांगा

महोदय,
आईच्या खालच्या दोन दाढा काढून १० वर्षं झाली. तिथलं हाड झिजलेलं. एका दवाखान्यात ‘आधी हाड भरू, मग इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू)’ एवढंच सांगितलं. देवगडहून कोल्हापूरच्या खेपा आणि दोनदा शस्त्रक्रिया, या धास्तीने ती तांदळाची भाकरी दुधात कुस्करून खात राहिली. ६ ते ८ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांटही असतात, हे नंतर दुसरीकडे कळलं. ५ वर्षांपर्यंतच्या अभ्यासांत ते हाड भरून बसवलेल्या लांब इम्प्लांटच्या जवळपास बरोबरीने टिकलेत, गुंतागुंतही कमी. ते टिकायला मशेरी मात्र सोडायला हवी, रक्तातली साखर आटोक्यात हवी. तेच बसवून आई आता सुकट चावून खाते. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय पेशंटसमोर ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, देवगड