त्या बसमधल्या सगळ्यांचे आभार

परवा ऐन गर्दीच्या वेळी आईला व्हीलचेअरवरून बसने न्यायची वेळ आली. आधीच्या दोन बस थांब्यापासून दहा हात लांब उभ्या राहिल्या आणि निघूनही गेल्या. तिसरी मात्र थेट फुटपाथला खेटून थांबली.

लो-फ्लोअर बस दाराशी रस्त्यापासून साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर उंच असते. एअर सस्पेन्शनमधली (म्हणजे बसचा भार पेलणाऱ्या, चाकांजवळच्या हवेच्या फुग्यांमधली) थोडी हवा सोडली की बस दाराच्या बाजूला आणखी झुकते आणि रॅम्पचा चढ कमी होतो. पण बस कडेला लागली तरच हं. लांब उभी केली तर रॅम्प फुटपाथऐवजी रस्त्यावर टेकतो आणि त्याची घसरगुंडी होते. चालकदादांना हे पक्कं ठाऊक होतं. फुस्स आवाज झाला, बस झुकली, आई आधी दचकली नि मग हसली.

रॅम्प अडकला होता, बिजागरीत माती. एका मुलाने खिशातल्या किल्लीने ती खरवडून काढली. एका ताईंनी राखीव जागेत रचलेल्या पिशव्या हलवायला लावल्या, तेही कुणाशी न भांडता (मला जमलं नसतं). कंडक्टरकाकांनी खुर्चीचा ब्रेक आणि पट्टा वाकून तपासला आणि मगच घंटी दिली.

उतरायच्या घाईत कुणाचं नावही विचारलं नाही. चालकदादा, कंडक्टरकाका, किल्लीवाला मुलगा आणि त्या ताई, तुम्हां सगळ्यांचे मनापासून आभार. आई अजून भेटेल त्याला सांगते आहे, "बस वाकली माझ्यासाठी!"