नकली रुग्णाची संमती मात्र खरी हवी

संपादक महोदय,

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सरावासाठी तयार केलेल्या माणसाने रुग्णाची भूमिका करायची, ही पद्धत अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये सुरू केली. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला रुग्णाशी संवाद आणि नीतिमत्ता शिकवणं सक्तीचं झालं, त्यामुळे या सरावाची गरज वाढली आहे. राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं कामं केलेली म्हणून मलाही एका महाविद्यालयाने कार्यशाळेला बोलावलं.

माझी भूमिका गगनबावड्याकडच्या बाईची. "छातीत भरून आल्यागत होतंय, डावा हात जड पडतोय," असं मी सांगितलं. पहिल्या मुलाने मान वर न करता 'अ‍ॅसिडिटी' लिहिलं आणि न विचारता स्टेथोस्कोप पदराखाली घातला. पुढच्या मुलीने आधी पडदा ओढला, नर्सला शेजारी उभं केलं. "मावशी, छाती तपासायची आहे, पदर जरा बाजूला घेता का?" असं विचारून मी होकार देईपर्यंत ती थांबली. या बाईने बीपीच्या गोळ्या घरात न सांगता बंद केल्यात, पण विश्वास वाटला तरच ते बोलायचं, अशी मला सूचना होती. मी ते फक्त त्या मुलीला सांगितलं.

चहाच्या वेळी एका प्राध्यापकांनी सुचवलं, की विद्यार्थ्यांना न सांगता आम्हाला थेट ओपीडीत पाठवावं, म्हणजे सगळं अस्सल होईल. माझा याला ठाम विरोध आहे. समोर नट आहे हे माहीत असूनही केशवराव भोसले नाट्यगृहात डोळे पुसणारी माणसं मी पाहिली आहेत. अस्सलपणासाठी फसवणूक लागत नाही. शिवाय राधानगरी, चंदगडहून पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस रांगेत ताटकळत असताना, धडधाकट बाईने त्याच्या आधी केसपेपर काढायचा? मला ते पाप वाटतं.

आणि आमचंही शरीर खरंच असतं. निदानासाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये बजावलं. तेच तत्त्व इथेही पाळा. भूमिका स्वीकारली म्हणजे कुठेही हात लावायची मुभा दिली, असं होत नाही. काय तपासणार, खोलीत कोण असणार, हे आधी ठरायला हवं. नटाने "थांबा" म्हटलं की सराव तिथेच थांबला पाहिजे, कारण न विचारता. आमचं तर चित्रीकरण होणार हे समोर कॅमेरा लावल्यावर कळलं!

कोल्हापुरात हौशी कलाकारांना तोटा नाही, आणि इथल्या रुग्णाची बोली आमच्याइतकी कोण बोलणार? महाविद्यालयांनी बोलवावं, योग्य मानधन द्यावं, आम्ही आनंदाने येऊ. फक्त संमतीचा कागद मराठीत असावा आणि तो आदल्या दिवशी हातात पडावा, खुर्चीत बसल्यावर नव्हे.

– एक हौशी रंगकर्मी, मंगळवार पेठ, कोल्हापूर