खोडदची नोंद राहून गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या पुरवणीत आपण अंतराळ मोहिमांतल्या मोठ्या टप्प्यांचा तक्ता छापला होता. १९५७चा स्पुटनिक, १९६१मधली गागारिनची १०८ मिनिटे, १९६९चे चंद्रावरचे पाऊल, १९७५चा आर्यभट्ट आणि शेवटी २३ ऑगस्ट २०२३चे चांद्रयान-३. तो कापून मी नातवाच्या टेबलासमोर चिकटवला. पण त्यात आपल्याच जिल्ह्यातली एक नोंद नाही. जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी २६ वर्षे गेली, त्यामुळे मला ते फार लागले.

तारीख १९ ऑक्टोबर २०१६. युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. उतरता उतरता ते जो क्षीण संदेश पाठवत होते, तो पृथ्वीवर थेट पकडला नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणीने. मंगळ तेव्हा साधारण साडेसतरा कोटी किलोमीटर लांब. संदेश इथवर यायला जवळजवळ पावणेदहा मिनिटे लागत होती. यान वातावरणात शिरले, पॅराशूट उघडले, तोवर खोडदला त्याची खूण मिळत होती. टेकायला मिनिटभरही उरले नसताना ती थांबली. पुढे कारण सापडले. पॅराशूट उघडल्यावर यानाला इतके हेलकावे बसले की फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण आपल्या कमाल आकड्यावर सेकंदभर अडकून राहिले, आणि त्यावरून संगणकाने हिशेब काढला की आपण जमिनीच्याही खाली आहोत! त्याने पॅराशूट सोडून दिले, इंजिने तीन सेकंद चालवून बंद केली. यान तेव्हा पावणेचार किलोमीटर उंचीवर होते.

पडलेल्या यानाची नोंद कशाला, असे कोणी विचारेल. मला तीच हवी आहे. १० ऑगस्ट १९७९ला आपले एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले आणि वर्षभरात, १८ जुलै १९८०ला, त्याच बनावटीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. ७ सप्टेंबर २०१९च्या त्या रात्री चंद्रावर उतरणाऱ्या चांद्रयान-२च्या विक्रमचा संपर्क तुटला, तेव्हा आमच्या घरात सगळे जागे होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. तक्त्यात नुसते यशच असेल तर मुलांना वाटणार, ही माणसे कधी चुकलीच नाहीत.

खोडदला मी सातवीचा वर्ग घेऊन गेले होते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, काही एकत्र, बाकीच्या दूर दूर शेतांमधून पसरलेल्या. मुले मान वर करून बघत होती. डिश पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची. आरपार आभाळ दिसते. एक मुलगी म्हणाली, “बाई, जाळीतनं लहरी गळत नाहीत का?” मी तिला घरची चाळण आठवायला सांगितली. भोकापेक्षा दाणा मोठा असला की तो वरच राहतो. जाळीचे भोक बोटाएवढे आणि रेडिओलहर हातभर लांब, मग ती गळेल कशी? वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी डिश हलकी आणि स्वस्त करता आली. ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. स्कियापारेलीचा संदेश पाऊण मीटर लांबीच्या लहरींवर येत होता, तो याच जाळीने झेलला.

नातवाच्या शाळेत अंतराळ दिनाला थर्माकोलचे रॉकेट करून आणायला सांगतात. ते आम्ही आई-आज्या रात्री जागून चिकटवतो, मुले झोपलेली असतात. पुणे-नाशिक रस्त्यावर दोन-अडीच तासांत पोचता येईल असे हे ठिकाण असताना शहरातल्या मुलांनी ते पाहिलेले नसावे, याचे मला खरेच वाईट वाटते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, गावोगावची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. शाळांनी त्या दिवशी एक बस काढावी, आणि आपण महिनाभर आधी त्याची बातमी द्यावी, एवढी विनंती.

मी नातवाला वाकडेवाडीहून एसटीने नेणार आहे. तक्त्यात २०१६ची ओळ सध्या पेनाने लिहून ठेवली आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये ती छापलेली दिसावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे