राजीनाम्यावर सही केली की बेरोजगारी भत्ता बुडतो

संपादक महोदय,

माणसे कमी करायची ठरली की हल्ली छाटणीची नोटीस क्वचितच निघते. कामगाराला एचआरच्या केबिनमध्ये बोलावतात, टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवतात आणि सांगतात, ‘सही करून टाक, फुल अँड फायनल हिशेब लगेच होईल, अनुभवाचा दाखलाही चांगला देऊ.’ बहुतेक जण सही करतात. त्या सहीने काय हातचे जाते, हे तिथे कोणी सांगत नाही.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत (अपंग कामगारांसाठी २५,०००) पगार असलेल्यांच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) ०.७५ टक्के वर्गणी कापली जाते, मालक ३.२५ टक्के भरतो. या वर्गणीवर दवाखाना मिळतो हे सर्वांना ठाऊक असते. नोकरी गेल्यास भत्ताही मिळतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. १ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या आणि वेळोवेळी मुदत वाढवलेल्या अटल बीमित व्यक्ति कल्याण योजनेत आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. सुरुवातीला हा दर २५ टक्के होता, करोनाच्या काळात तो ५० टक्के झाला.

मात्र स्वतःहून नोकरी सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, वयोमानाने निवृत्त झाला, शिस्तभंगाच्या कारवाईत काढला गेला किंवा बेकायदा ठरवलेल्या संपात सामील झाला, तर हा भत्ता नाही. म्हणजे ज्याला खरे तर कंपनीनेच काढले, तो ‘वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने’ अशा ओळीखाली सही करून स्वतःच अपात्र ठरतो.

रक्कम किती, तेही पाहू. मागच्या चार सहामाहींची एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात. १८,००० पगारावर सलग दोन वर्षे काम झाले असेल तर ४,३२,००० भागिले ७३०, म्हणजे दिवसाला सुमारे ५९२ रुपये. त्याचे निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे साधारण २६,६०० रुपये. मध्ये काही महिने वर्गणी भरली गेली नसेल, तरी भागाकार ७३० नेच होतो. चोवीसपैकी चौदाच महिने भरले असतील तर हीच रक्कम साडेपंधरा हजारांवर येते. त्यामुळे दर महिन्याला आपली वर्गणी खरोखर भरली जाते का, हे ईएसआयच्या संकेतस्थळावर आपला विमा क्रमांक टाकून पाहत राहावे. पगारपत्रकावर कपात दिसते, म्हणून ती भरली गेली असे समजू नये.

पात्रतेसाठी विमाकृत (ईएसआय लागू असलेल्या) नोकरीची किमान दोन वर्षे झालेली हवीत. शिवाय नोकरी जाण्याच्या लगत आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीनपैकी कोणत्याही एका सहामाहीत तेवढीच. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी धरतात. ठेकेदार बदलल्यावर नवा विमा क्रमांक काढला गेला असेल, तर दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि ७८ चा आकडा कुठेच भरत नाही. जुना क्रमांकच पुढे चालवायला सांगावे. आधार आणि बँक खाते त्याला जोडलेले नसेल, तर बाकी सगळे बरोबर असूनही दावा अडतो.

खरी मेख मालक दर महिन्याला ईएसआयकडे भरतो त्या विवरणात आहे. ज्याचे कामाचे दिवस शून्य दाखवायचे, त्याच्यापुढे मालकाला एक कारण निवडावे लागते: ‘नोकरी सोडली’साठी २, ‘छाटणी’साठी १०, ‘काम नाही’साठी ११. कार्यालयातला कारकून सवयीने २ दाबतो. कामगाराला ते कळतही नाही. दावा आता मालकामार्फत पाठवावा लागत नाही, नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी थेट करता येतो, प्रतिज्ञापत्रही लागत नाही. पण आपल्या नावापुढे ‘नोकरी सोडली’ असे उमटलेले असेल, तर या सगळ्या सोयींचा उपयोग काय?

म्हणून दडपणाखाली असलेल्यांनी एवढे करावे. केबिनमध्ये लगेच सही करू नये, कागद घरी न्यायला मागावा. काम संपल्यामुळे कमी करत असाल तर तसे लेखी द्या, अशी मागणी त्याच दिवशी ईमेलने करावी आणि तिची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवावी. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी केली, तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनाम्याची घाई बहुधा त्यासाठीच असते. सही होऊन गेली असेल, तर राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेत असल्याचे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोच जपून ठेवावी. दबाव कोणी, कधी, कोणत्या शब्दांत आणला, हे त्यात तारखेसह लिहावे. महिन्याभराने लिहिलेल्या तक्रारीला तेवढे वजन राहत नाही.

राजीनामा दिल्याने सगळेच जाते, असेही नाही. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यावरही मिळते. भविष्य निर्वाह निधी आपलाच असतो. ईएसआयचा दवाखानाही लगेच बंद होत नाही: एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरलेले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचारांचा हक्क राहतो. नोकरी गेली म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बाहेरून विकत घेणारे अनेक जण या हक्कात बसत असतात.

आता ज्यांना खरोखर नाइलाजाने नोकरी सोडावी लागते, त्यांच्याबद्दल. तीन-तीन महिने पगार थकला, वरिष्ठाचा छळ असह्य झाला, डॉक्टरने ते काम करू नका असे सांगितले, तर राजीनामा देणाऱ्याला आपली योजना एक रुपयाही देत नाही. जर्मनीत सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर भत्ता साधारणपणे बारा आठवडे रोखतात, कारण सबळ असेल तर रोखत नाहीत. जपानने स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांची थांबण्याची मुदत एप्रिल २०२५ पासून दोन महिन्यांवरून एका महिन्यावर आणली. आपल्याकडे मात्र कारण विचारलेच जात नाही. अशी सूट दिली तर लोक उठसूट नोकऱ्या सोडतील, हा आक्षेप आम्हाला पटत नाही. आयुष्यात एकदा, तीन महिने, तेही निम्म्या पगारासाठी चालती नोकरी कोण सोडेल?

ईएसआय महामंडळाने दोन गोष्टी कराव्यात. पगार थकवणे, छळ आणि वैद्यकीय कारण यांमुळे दिलेला राजीनामा पुराव्यानिशी आला तर तो भत्त्यासाठी ग्राह्य धरावा. आणि मालकाने नोकरी संपल्याचे कारण विवरणात भरले की त्याच दिवशी कामगाराच्या मोबाइलवर मराठीत संदेश जावा, त्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळावेत आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत ‘नोकरी सोडली’ ही नोंद अंतिम मानू नये.

– कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करणारे काही कार्यकर्ते