लसीनंतरचा अर्धा तास

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन जवळ आला, की ठिकठिकाणी श्वानलसीकरणाची मोफत शिबिरे भरतात. रांग मोठी असते. टोचून झाले की मालक कुत्र्याला स्कूटरवर पायापाशी बसवून चालता होतो. गेल्या वर्षी मीही एका दवाखान्यातून असाच निघालो होतो. आमच्या पाच वर्षांच्या, पग जातीच्या कुत्र्याला त्या दिवशी वार्षिक संयुक्त लस (अनेक रोगांवरची एकत्रित लस) आणि रेबीजची लस एकाच वेळी दिली होती. घरी पोहोचेपर्यंत त्याचे तोंड आणि पापण्या सुजल्या, अंगावर गांधी उठल्या आणि त्याने दोनदा उलटी केली. दवाखान्यात फोन केला, तर ‘होतं असं कधीकधी, उद्यापर्यंत उतरेल’ एवढेच उत्तर मिळाले. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी सूज ओसरली.

लसीनंतर एक-दोन दिवस कुत्रा मलूल असणे, अंग थोडे तापणे, जेवण कमी होणे किंवा टोचलेल्या जागी छोटी गाठ येणे, हे नेहमीचेच आहे व त्याची धास्ती घेऊ नये. तोंड सुजणे, वारंवार उलट्या-जुलाब, धाप लागणे, हिरड्या पांढुरक्या पडणे किंवा कुत्रा कोसळणे ही मात्र तीव्र ॲलर्जीची लक्षणे असून ती बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. तेव्हा उद्याची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. घरातली माणसांची गोळी देण्याचा मोहही टाळावा, कारण आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते.

अमेरिकेत १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लसीनंतरच्या तीन दिवसांत दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांना त्रास झाल्याचे आढळले. म्हणजे धोका थोडाच. पण तो सर्वांना सारखा नव्हता. कुत्रा लहान चणीचा असेल आणि एकाच भेटीत अनेक लसी दिल्या असतील, तर प्रमाण वाढत होते. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य कुत्र्याला लसीची जेवढी मात्रा, तेवढीच छोट्या पगलाही, हे मला त्या प्रसंगानंतर कळले.

हे वाचून कोणी लसच टाळू नये, ही कळकळीची विनंती. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की कुत्रा काय, माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा कुत्र्यांना आणि माणसांनाही होणारा जिवाणूजन्य आजारही जिवावर बेतू शकतो; २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ पसरली होती, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

माझे मागणे त्याहून साधे आहे. दवाखान्याने आणि शिबिराने टोचण्यापूर्वी ‘मागच्या वेळी काही त्रास झाला होता का’ असे विचारावे, नंतर मालकाला अर्धा तास थांबवून घ्यावे आणि तातडीची औषधे हाताशी ठेवावीत. लसीच्या बाटलीवरचे लेबल पुस्तिकेत चिकटवतात, त्याच्याच शेजारी झालेला त्रासही लिहावा. माणसांच्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. कुत्र्याच्या बाबतीत कुठे कळवायचे, हे मात्र मला दोन्ही दवाखान्यांत कोणी सांगू शकले नाही. पशुसंवर्धन विभागाने तो पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक लसपुस्तिकेवर छापायला लावावा.

यंदा डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही लसी तीन आठवड्यांच्या अंतराने दिल्या आणि दोन्ही वेळा आम्ही दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसून राहिलो. पग घोरत होता.

आपला विश्वासू,
एक श्वानपालक, पुणे