फोटो मुलांचे नकोत, मुलांनी काढलेले हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात एका दैनिकात फुटपाथवर झोपलेल्या मुलाचा फोटो आला होता. पोटाशी पाय घेतलेले, उशाला चपला, चेहरा अगदी स्पष्ट. छापणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण माझा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे, तीस वर्षं शहापुरात लोकांचे चेहरे टिपत आलो आहे, आणि त्या फोटोने मला झोप लागू दिली नाही. त्या पोराला कोणी विचारलं असेल का?

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापता येत नाही. रस्त्यावर राहणारं मूल त्या व्याख्येत थेट येतं. हे मलाही उशिरा कळलं. पण मी लिहितो आहे ते कायद्यापुरतं नाही.

माझ्या दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी चार मुलं येऊन बसायची. चौघांची कुटुंबं कामासाठी आलेली, रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारी. दुकानात दोन जुने डिजिटल कॅमेरे धूळ खात पडले होते. पालावर जाऊन आईबापांना विचारलं आणि कॅमेरे मुलांच्या हातात दिले. एकच सांगितलं, ‘तुमचा दिवस काढून आणा.’ कोणाचा चेहरा काढायचा तर आधी त्याला विचारायचं, एवढीच अट.

दहा-बारा दिवसांत तीनशेच्या वर फोटो जमले. बरेचसे हललेले होते. जवळजवळ सगळे माणसांच्या कमरेच्या उंचीवरून काढलेले: पाय, पिशव्या, टेबलांच्या खालच्या बाजू. हे शहर त्या उंचीवरून मी कधी पाहिलंच नव्हतं.

एका मुलाने एका दुकानाच्या बंद शटरवरच्या बल्बचा फोटो सात वेळा काढला होता. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं. विचारलं तर म्हणाला, ‘न्हाई मामा, ह्यो लाईट रातभर चालू असतोय. उजेड हाय म्हणून आई हितंच झोपूया म्हणतीय.’ मोठं माणूस तिथं गेलं असतं तर त्याने झोपलेल्या मुलाचा फोटो काढला असता. मुलाने बल्ब काढला, कारण झोप त्या बल्बावर अवलंबून होती.

एका मुलीने सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या कुलपाचा फोटो काढला होता, अगदी जवळून, गंज दिसेल इतका. ‘धा वाजता कुलूप घालत्यात,’ एवढंच बोलली. पुढचं तिच्या आईने सांगितलं. रात्री पोरीला अंधारात न्यावं लागू नये म्हणून ती तिला संध्याकाळनंतर पाणीच पिऊ देत नाही. आपल्याकडच्या पाहणीच्या फॉर्मवर ‘जवळ शौचालय आहे का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ अशीच खूण पडली असती, आणि ती खोटीही नसती.

हा प्रकार मी शोधलेला नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये जिम हबर्ड या वृत्तछायाचित्रकाराने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बेघर मुलांना कॅमेरे दिले होते. चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांत कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी बायकांच्या हाती कॅमेरे देऊन याची रीतसर पद्धत बसवली. ती ‘फोटोव्हॉइस’ या नावाने ओळखली जाते. त्यात फोटो काढणं हा लहान भाग. ज्याने फोटो काढला त्यानेच त्यातले निवडायचे, त्यानेच त्याची गोष्ट सांगायची, मग सगळ्यांनी बसून त्यातले समान धागे शोधायचे. इथे काय दिसतं, खरं काय चाललंय, असं का आहे, काय करता येईल, हे क्रमाने विचारायचं. बोलणं वगळलं तर बल्ब नुसता बल्बच राहतो.

आपल्या सीमाभागात तर याची गरज जास्तच. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही घ्या, या मुलांच्या एका वाक्यात कन्नड, मराठी आणि दख्खनी तिन्ही असतात. अधिकारी एका भाषेत विचारतात, मूल दुसऱ्या भाषेत घाबरतं आणि मान डोलावतं. फोटो समोर ठेवला की तेच मूल बोट ठेवून, जमेल त्या भाषेत, भरभरून बोलतं. हे मी माझ्या काउंटरवर पाहिलं आहे.

धोके आहेत, तेही मला दिसले. तिसऱ्याच दिवशी एका मुलाच्या हातातला कॅमेरा चोरीचा समजून कोणीतरी काढून घेतला आणि पोराला दोन थपडा बसल्या. चूक माझी होती. मी सोबत चिठ्ठी द्यायला हवी होती. फोटो मुलाच्या मालकीचा असतो, तो कुठे दाखवायचा हे मुलाला आणि घरच्यांना विचारूनच ठरायला हवं. एकटंदुकटं, आईबापांविना मूल भेटलं तर आधी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, कॅमेरा नंतर.

महानगरपालिका आणि जिल्हा बाल संरक्षण घटक यांना माझी विनंती आहे. रस्त्यावरच्या मुलांची पुढची पाहणी कराल तेव्हा फॉर्मसोबत निदान दहा मुलांच्या हाती कॅमेरा द्या. महिनाभर पुरेल. कॅमेरे सांभाळायला, फोटो छापून द्यायला शहरातले आम्ही स्टुडिओवाले आहोत. मी तरी फुकट करीन. आणि ते स्वच्छतागृह रात्रभर उघडं ठेवायला पाहणीचीही वाट बघायला नको.

सोबत तीन फोटो पाठवतो आहे: बल्ब, कुलूप आणि पावसाच्या पाण्याने फुगलेली ताडपत्री, आतून काढलेली. एकातही चेहरा नाही. मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी छापायला होकार दिला आहे, नावं मात्र घालू नका. छापलेत तर अंकाच्या चार प्रती बाजूला ठेवा, मी येऊन घेऊन जाईन. रोज संध्याकाळी विचारतात, ‘मामा, आलं काय पेपरात?’

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव