सोलापूर अर्ध्या तासाचं, आम्हाला लागले पावणेपाच तास

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपला पेपर आमच्या घरी वडिलांपासून येतो, पण पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. रस्ते, धूळ, पाणी यावर लिहिणारे भरपूर आहेत, त्यामुळं मी कधी त्या भानगडीत पडलो नाही. आज लिहायलोय ते वेगळ्या विषयावर, स्ट्रोकवर, म्हणजे मेंदूची नस बंद पडून किंवा फुटून येतो त्या लकव्यावर. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, फक्त शेवटची मागणी तेवढी ठेवा.

माझा थोरला भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, होता. वय ५८. बीपीची गोळी चालू होती, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर चालू होती, प्रत्यक्षात मशीनवर नॉर्मल दिसलं की हा बंद करायचा. वर तंबाखू. मागच्या वर्षी मे महिन्यात, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी (वेळ एवढी पक्की कशी माहीत ते पुढं सांगतो) मागावर सुताची कांडी बदलता बदलता त्याच्या डाव्या हातातून कांडी खाली पडली. उचलायला गेला, परत पडली. शेजारच्या कामगारानं विचारलं काय ओ मालक, काय झालं, तर हा म्हणतो काय नाय बे, उन्हानं गळून गेल्यासारखं व्हायलंय. आणि सगळ्यांना ते पटलं. पटणारच की, मे महिन्यातलं सोलापूर, पारा ४३ वर, वर पत्र्याचं शेड, आपल्याकडं त्या दिवसांत माणूस बसल्या जागी कलंडला तरी ऊन लागलं एवढंच निदान असतं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी उसाचा रस आणला, पंख्याखाली बसवला. पाऊण तास गेला.

मग दोघांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून घरी आणला. वहिनीनं चहा दिला तर तो डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला आणि त्याला त्याचा पत्ता नाही. मी तिथंच होतो साहेब. मी बघितलं. आणि मी काय म्हणालो, तर हळू पी की, शर्ट खराब करायलास. हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

८ वाजता गल्लीतल्या दवाखान्यात. तिथं नंबर. बीपी बघितलं तर २०० च्या वर, जिभेखाली गोळी ठेवली, एक सलाईन लावलं, वीकनेस आहे म्हणाले. साडेनऊला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये, तिथं ॲडमिट करायचं का नाही यात अर्धा तास आणि मग कळलं की सीटी स्कॅनच नाही. तोपर्यंत पाहुण्यांचे फोन सुरू झालेले, वारं गेलंय, अमक्या गावाला लकव्याचं औषध देतात, आत्ताच्या आत्ता गाडी काढा, एकानं तर कबुतराचं रक्त सांगितलं. सव्वादहाला दुसऱ्या हॉस्पिटलात. तिथं मशीन होतं पण मशीन चालवणारा घरी गेलेला, जुळे सोलापूर भागातून त्याला बोलावलं, ११ वाजून ५ मिनिटांनी स्कॅन झाला, ११.२० ला डॉक्टरांनी फिल्म बघितली. रक्तस्राव नाही, गाठीनं नस बंद झालीय, म्हणजे इंजेक्शन देण्यासारखी केस. त्यांनी विचारलं सुरुवात नेमकी कधी. मी कारखान्यात फोन लावला, त्या कामगारानं सांगितलं ६.४०, कारण पाळीचा हिशोब लिहिताना त्यानं नेमकं घड्याळ बघितलं होतं. डॉक्टरांनी बोटावर मोजलं. ४ तास ४० मिनिटं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, पुढं गेलं की फायदा कमी आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. दहा मिनिटं साहेब. आणि खरं तर ती दहा मिनिटं सुद्धा नाहीत, कारण ४ तास २९ मिनिटांनी दिलं आणि दीड तासात दिलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे असं डॉक्टरच म्हणाले. मेंदूची मोठी नस बंद पडली तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, हा आकडा मी नंतर वाचला, वाचला नसता तर बरं झालं असतं.

आता गंमत बघा (गंमत कसली). आपलं सोलापूर केवढं, विडी घरकुलापासून विजापूर रोडपर्यंत रिक्षा फार तर अर्धा-पाऊण तास घेते. ट्रॅफिकनं आमचा घात केला नाही, अंतरानं केला नाही. आम्ही चुकीच्या दारांवर वेळ घालवला, बस.

नंतर मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारून भंडावून सोडलं, त्यातलं वाचकांना उपयोगी पडेल ते सांगतो. हार्ट ॲटॅकला माणूस छाती धरतो, घाम फुटतो, घरचे आपोआप पळतात. स्ट्रोक बहुतेक वेळा दुखतच नाही. म्हणून कुणी पळत नाही. त्यात आमच्या दादासारखा उजव्या मेंदूचा स्ट्रोक असेल तर पेशंटला स्वतःलाच बऱ्याचदा कळत नाही की आपली डावी बाजू गेलीय, तो मला काय झालं नाय म्हणतच राहतो, आणि आपण घरातल्या मोठ्या माणसाचं ऐकतो. ऐकू नका. त्याला हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातंय का बघा. दोन्ही हात समोर वर करून धरायला सांगा, एक हात आपोआप खाली यायला लागला तर समजून घ्या. आणि काहीतरी बोलायला लावा. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जाणाऱ्या कुठल्याही सोलापूरकराला 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' पाठ असतं, ते म्हणायला सांगा, जीभ अडखळली, बोबडं आलं किंवा शब्दच सापडेना तर झालं. अर्थात आपल्याकडं घराघरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात, तर ज्याची जी भाषा त्यातच विचारा, पूर्व भागातल्या एखाद्या आजीला मराठीत विचारून ती गोंधळली म्हणून घाबरू नका. याशिवाय अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं, एकाचे दोन दिसणं, दारू न पिता तोल जाणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम दुखणं. यातला महत्त्वाचा शब्द अचानक. यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं, सगळी दिसायची वाट बघायची नाही.

आणि दहा मिनिटात आपोआप बरं वाटलं तर? तर जास्त घाबरायचं. दादाचा हात त्याच्या पंधरा दिवस आधी असाच दहा मिनिटं बधिर झाला होता, आपोआप ठीक झाला, त्यानं वहिनीलासुद्धा सांगितलं नाही. तो मिनी स्ट्रोक होता. पाठोपाठ मोठा यायचा धोका पहिल्या दोन-चार दिवसात सगळ्यात जास्त असतो म्हणे, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं.

आम्ही केलेल्या चुकांमध्ये सगळ्यात वाईट चूक तो रस आणि चहा. स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा गिळायची ताकद जाते, पाजलेलं पोटात न जाता फुफ्फुसात उतरू शकतं. दादाला चौथ्या दिवशी न्यूमोनिया झाला, त्याचे अकरा दिवस आयसीयूत गेले. तोंडात काहीही घालू नका, पाणी नाही, गोळी नाही, घरात असलेली ॲस्पिरिन तर अजिबात नाही, कारण आत गाठ आहे का नस फुटलीय हे बाहेरून कुणालाच कळत नाही, मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही नाही, ते सीटी स्कॅनच सांगतो, आणि नस फुटली असेल तर ॲस्पिरिन म्हणजे आगीत रॉकेल. बीपी वाढलेलं दिसलं तरी घरच्या घरी खाली आणायचा प्रयत्न करू नका. बंद नसेपलीकडं रक्त ढकलायला शरीरच ते वाढवतं, किती आणि कसं उतरवायचं हे स्कॅन बघून ठरतं. साखर मात्र लगेच तपासा, शुगर एकदम उतरली तरी असंच दिसतं.

घड्याळ बघा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ धरतात. रात्री अकराला चांगला झोपला आणि पहाटे पाचला तोंड वाकडं दिसलं तर हिशोब अकरापासून. तरी पण आता सगळं संपलं म्हणून घरी बसू नका. मोठी नस बंद असेल तर जांघेतून तार घालून मेंदूतली गाठ ओढून काढतात, ते सहा तासांपर्यंत आणि निवडक पेशंटमध्ये स्कॅन बघून २४ तासांपर्यंतही करतात. दादाची नस बारीक होती, तिथं ते जमण्यासारखं नव्हतं. पण कुणाला त्यासाठी पुण्याला पाठवायची वेळ आली तर अडीचशे किलोमीटर आहे, अँब्युलन्सला साडेचार-पाच तास कुठं गेले नाहीत, म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा, इंजेक्शन इथं सुरू करून मग पाठवता येईल का. नाहीतर वेळ टेंभुर्णीच्या पुढं कुठंतरी हायवेवरच संपतो.

इंजेक्शन म्हणजे जादू नाही हेही सांगतो. सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना त्यानंच रक्तस्राव होतो, डॉक्टर सही घेतात ती उगाच नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशी, या वर्षी एप्रिलमध्ये विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता बोटं थांबली, नात नर्सिंगला आहे, तिनं चप्पल घालायच्या आधी फोन लावला, हॉस्पिटलला विचारलं, सीटी चालू आहे का, स्ट्रोकचं इंजेक्शन आत्ता देता का, मेंदूचे डॉक्टर येतील का, तिकडून हो आल्यावर थेट तिथंच नेलं. पावणेदोन तासात इंजेक्शन. आज मावशी परत पानं कातरायला बसतात. पूर्वीएवढ्या हजार विड्या होत नाहीत पण बसतात. त्यांच्याच वॉर्डातले एक गृहस्थ तेवढ्याच वेळेत आले होते, पण त्यांची नस फुटलेली निघाली, त्यांना इंजेक्शनच देता येत नव्हतं.

त्यातून मला कळलं ते एवढंच, की जवळचं हॉस्पिटल आणि स्ट्रोकचं हॉस्पिटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्डावर मल्टिस्पेशालिटी लिहिलंय म्हणून रात्री अकराला स्कॅन होईलच असं नाही. आणि इंजेक्शनची वेळ टळली तरी स्ट्रोक युनिट असेल तिथंच न्यावं, तिथल्या नर्स गिळता येतंय का तपासल्याशिवाय थेंब पाजत नाहीत, कुशी बदलतात, ताप-शुगर-बीपीवर डोळा ठेवतात, फिजिओ लवकर सुरू करतात, आणि नुसत्या एवढ्या देखभालीनंही मरणारे आणि कायमचे अपंग होणारे कमी होतात. १०८ ला फोन करा, फुकट आहे, पण फोनवरच स्ट्रोक हा शब्द वापरा, चक्कर आलीय म्हणू नका. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, आपल्या केसला काय मिळतं ते त्याला विचारा, पण एक माणूस कागदांमागं आणि बाकीचे पेशंटबरोबर, आमच्यासारखं सगळेच कागद शोधायला नको.

आता मागणी. आपण पेपरात रोज भविष्य छापता, सोन्याचा भाव छापता. त्याच पानावर एक चौकट द्या, सोलापुरात आणि पंढरपूर, बार्शी, अकलूजसारख्या ठिकाणी कुठल्या हॉस्पिटलात २४ तास सीटी स्कॅन चालू असतो, रात्री तो चालवणारा माणूस हजर असतो का, इंजेक्शन स्टॉकला असतं का, आणि थेट इमर्जन्सीचा फोन नंबर. सिव्हिलचंही त्यात स्पष्ट येऊ द्या, गरीब माणूस शेवटी तिथंच जातो. आपला बातमीदार प्रत्येकाला रात्री बारा वाजता एक फोन लावेल तर आठवड्यात यादी तयार होईल, आणि दर महिन्याला परत तपासा, कारण डॉक्टर बदलतात, मशीनं बंद पडतात. २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो, त्या दिवशी फोटो आणि रॅलीची बातमी येतेच, त्याऐवजी यंदा ही चौकट आली तर फार बरं.

दादा आता काठी घेऊन दारापर्यंत येतो. डावा हात मांडीवर पडून असतो. काल त्याला हे पत्र वाचून दाखवलं तर म्हणाला, कारखान्याचं नाव घालू नको बे, मालकानं तेव्हा पैशाची मदत केली होती. म्हणून घातलं नाही. चौकट छापून आली की कात्रणं मी स्वतः झेरॉक्स करून आमच्या रोडवरच्या प्रत्येक कारखान्यात मीटर बॉक्सजवळ चिकटवणार आहे, दादानं खळीचा डबा आत्ताच काढून ठेवलाय.

आपला,
एक जुना वाचक
अक्कलकोट रोड, सोलापूर